फसव्या दूरध्वनीचा प्रतिकार : मीरा रोड ते ‘डेझी’

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे टाकून सुमारे ७०० कर्मचाऱ्यांना ताब्यात घेतले. अमेरिकी करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून, अटकेचा धाक दाखवून तेथून पैसे उकळले जात. या धंद्याचे खरे भांडवल म्हणजे बोलणाऱ्याचा वेळ होय. हे ओळखूनच त्याला निरर्थक संभाषणात गुंतवून ठेवण्याची प्रतिकारपद्धती रूढ झाली. ‘लेनी’ या वृद्धाच्या ध्वनिमुद्रित आवाजानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या ‘ओटू’ कंपनीने ‘डेझी’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची, विणकामाविषयी अथक बोलणारी आजीबाई पुढे आणली. तथापि या खेळात वाया जातो तो पगारी तरुणाचा वेळ, सूत्रधाराचा नव्हे. मीरा रोड प्रकरणातील मुख्य आरोपी दुबईहून परतताना मुंबई विमानतळावर पकडला गेला, तो एप्रिल २०१७ मध्ये.