पिक्सार आणि कौटुंबिक चित्रपटातील स्थित्यंतर

नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेला 'टॉय स्टोरी' हा सर्वस्वी संगणकावर निर्माण झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होय. त्याची निर्माती पिक्सार ही मुळात लुकासफिल्म कंपनीचा संगणक विभाग होती. १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांच्या भांडवलावर ती स्वतंत्र झाली. तत्कालीन संगणकाला केस व त्वचा नीट साधत नसत, गुळगुळीत व कठीण पृष्ठभाग मात्र उत्तम साधत. खेळण्यांचा विषय त्यास अनुरूपच होता.

तथापि चित्रपटाचे यश केवळ या तंत्राचे नव्हते. १९९३ च्या अखेरीस डिस्नेच्या अधिकाऱ्यांना दाखविलेला कच्चा भाग इतका असमाधानकारक ठरला की, काम थांबवून कथा नव्याने रचावी लागली. नव्या कथेत जुन्या बाहुल्याचा मत्सर आपले स्थान जाण्याच्या भयातून उद्भवतो. हे भय बालकास कळते व पालकास स्वतःचे वाटते. एकाच कथेने दोन्ही वयांशी बोलण्याची ही रीत 'फाइंडिंग नीमो' (२००३) व 'अप' (२००९) यांत अधिक दृढ झाली.

इतरांनी मात्र यातून यंत्र तेवढे उचलले. खुद्द डिस्नेने २००४ च्या सुमारास हस्तरेखित चित्रपटांचे काम आवरते घेतले व अनेक कुशल चित्रकारांची उपजीविका गेली. २००६ मध्ये डिस्नेने पिक्सार विकत घेतल्यावर पिक्सारच्या धुरीणांनीच हस्तरेखनास पुन्हा संधी दिली. 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' (२००९) हे त्याचे फळ. पेन्सिलीवर ठेवलेला दोष वस्तुतः कथेचा होता, हे त्या धुरीणांनी ओळखले होते, असे यावरून दिसते.