अर्धा ऱ, कन्नड कळफलक आणि मुक्त संगणकावरील मराठी

आळंद तालुक्यातील कडगंची हे गाव मराठी माणसाला ठाऊक असते ते गुरुचरित्रामुळे. ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर हे याच गावच्या सायंदेवांच्या वंशातले. आपल्याला महाराष्ट्र भाषा येत नाही, असे त्यांनी ग्रंथाच्या आरंभीच म्हटले आहे आणि त्यावरून त्यांच्या घरची भाषा कन्नड असावी असे मानले जाते. दोन भाषांच्या उंबरठ्यावर बसून लिहिण्याची या गावाची रीत अशी जुनी आहे. आज याच गावच्या शिवारात, २००९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाचा परिसर उभा आहे. तेथल्या संगणकांवर आणि आपल्या गावोगावच्या घरांतील संगणकांवर मराठी अक्षर कोणत्या वाटेने आले, आणि आले ते टिकेल काय, याचा विचार सीमाभागात फारसा झालेला नाही. शाळा, फलक, सातबारा यांच्या लढ्यात तो मागे पडला. येथे तो मुक्त प्रणालींच्या, विशेषतः ग्नोम या मुक्त डेस्कटॉपच्या संदर्भात करावयाचा आहे.

नव्वदच्या दशकातील मराठी टंकलेखन ज्यांनी केले आहे त्यांना एक त्रास आठवत असेल. एका कंपनीच्या फॉन्टात टंकलेले निवेदन दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट असलेल्या संगणकावर उघडले की समोर केवळ चिन्हांचा कचरा दिसे. अक्षराला स्वतःचा क्रमांक नव्हता. तो क्रमांक ज्या त्या कंपनीच्या मालकीचा होता. कागदावर छापून काढले तरच मजकूर खरा. सीमाभागातील कितीतरी निवेदने, ठराव आणि स्मरणिका अशा फॉन्टांत अडकून पडल्या आहेत.

यातून सुटका झाली ती प्रमाण संकेतांमुळे. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या ‘इस्की’ संकेतात सर्व ब्राह्मीजन्य लिप्यांना एकच आराखडा होता: मराठी क आणि कन्नड ಕ यांचा क्रमांक एकच, फरक फक्त लिपी कोणती हे सांगणाऱ्या खुणेचा. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने लिप्यांना वेगवेगळे विभाग दिले; परंतु प्रत्येक विभागातील अक्षरांचा क्रम इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतला. म्हणून देवनागरीच्या विभागात र, ऱ, ल, ळ ज्या जागी आहेत, नेमक्या त्याच जागी कन्नडच्या विभागात ರ, ಱ, ಲ, ಳ आहेत. भिंतीच्या दोन्ही बाजूंना घरांचे क्रमांक सारखेच.

यातील ऱ कडे जरा थांबून पाहावे. युनिकोडच्या अक्षरयादीत या अक्षरापुढे जी टीप आहे तिच्यात दोन गोष्टी सांगितल्या आहेत: हे अक्षर द्राविडी भाषांतील दंतमूलीय र लिहिण्यासाठी आहे, आणि त्याचे अर्धे रूप म्हणजे आपला आडव्या कोरीसारखा अर्धा ऱ. हळेगन्नडमध्ये ರ आणि ಱ हे दोन भिन्न वर्ण होते; आजच्या कन्नड लेखनातून दुसरा गेला आहे. मराठीत मात्र या अर्ध्या रूपावाचून चालत नाही. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना दक्षिणा द्यावी आणि आचाऱ्यांना मजुरी. हिंदीला हा भेद लागत नाही, त्यामुळे केवळ हिंदी नजरेसमोर ठेवून केलेल्या फॉन्टात तो हमखास बिघडे: अर्धा आकारच काढलेला नसेल तर ऱ खाली हलन्ताची तिरकी रेघ उमटते आणि शब्द मधोमध तुटतो. मराठीचे एक वैशिष्ट्य आणि जुन्या कन्नडचे एक अक्षर संगणकाच्या पोटात एकाच क्रमांकावर नांदत आहेत, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या अभिमान्यांना सांगण्यासारखी आहे.

अक्षराला क्रमांक मिळाला म्हणजे ते पडद्यावर नीट उमटतेच असे नाही. जोडाक्षर जुळवणे, वेलांटी मागे नेणे, रफार वर चढवणे ही कामे वेगळ्या यंत्रणेची. मुक्त डेस्कटॉपांपैकी केडीईचा आरंभ १९९६ चा, ग्नोमचा १९९७ चा. २००२ मध्ये आलेल्या ग्नोमच्या दुसऱ्या पर्वात ‘पँगो’ ही अक्षरजुळणीची यंत्रणा मध्यवर्ती झाली. ग्रीक ‘पॅन’ म्हणजे सर्व आणि जपानी ‘गो’ म्हणजे भाषा, असे ते नाव. पुढे जुळणीचे मुख्य काम ‘हार्फबझ’कडे गेले. याही नावात फारसीतील हर्फ म्हणजे अक्षर आहे. बीदरच्या मातीत हरफ हा शब्द परका नव्हे. आज ग्नोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड यांतील अक्षरे हीच यंत्रणा जुळवते, आणि २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून लिबरऑफिसनेही सर्व प्रणालींवर तिचाच अवलंब केला. एका ठिकाणी अर्धा ऱ दुरुस्त झाला की तो सर्वत्र दुरुस्त होतो, कारण दुरुस्ती कुणाच्या तिजोरीत राहत नाही. फॉन्टांच्या बाबतीत रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली दिलेल्या ‘लोहित’ मालिकेने असेच काम केले.

कळफलकाची कथा तर सीमाभागाने मुद्दाम ऐकावी अशी. इनस्क्रिप्टमध्ये सर्व भारतीय लिप्यांना एकच मांडणी आहे. ज्या कळीवर र त्याच कळीवर ರ, आणि शिफ्ट दाबली की ऱ वा ಱ. कन्नड शाळेत शिकलेला मुलगा या मांडणीवर मराठी लिहू लागला तर बोटांना नवे काही शिकावे लागत नाही. दुसरी मांडणी ध्वनीवर बेतलेली, के. पी. राव यांच्या रचनेवरून आलेली. कन्नड गणक परिषत्तुच्या नावाने ती ‘कगप’ म्हणून ओळखली जाते. मुक्त प्रणालीच्या कळफलकांच्या यादीत ‘मराठी (कगप, ध्वन्यनुसारी)’ अशी स्वतंत्र नोंद आहे. पुण्यातील वा नागपुरातील मनुष्य ग्नोममध्ये मराठी कळफलक निवडू लागला की कन्नड संस्थेचे हे नाव त्याच्यापुढे येते. बहुतेकांना ते कळतही नसेल.

आता भाषांतराकडे. पडद्यावरची प्रत्येक ओळ, मग ती ‘साठवा’ असो वा ‘रद्द करा’, मूळ इंग्रजीतून वेगळी काढून भाषांतरकाराच्या हाती देण्याची सोय ‘गेटटेक्स्ट’ या साधनाने केली. ग्नू प्रकल्पाचे ते साधन १९९५ चे. या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्यात रेड हॅटच्या भाषांतर विभागात मराठी आणि कन्नड या दोहोंचे काम एकाच छपराखाली चाले. काम वाटते तेवढे सोपे नाही. इंग्रजीत ‘अमुक काढून टाकले’ अशी एकच ओळ असते आणि त्या अमुकाची जागा रिकामी सोडलेली असते. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी, त्यामुळे एक क्रियापद सर्वांना पुरते. मराठीत चित्र काढून टाकले, फाइल काढून टाकली, फलक काढून टाकला. रिकाम्या जागी काय येणार हे ठाऊक नसलेल्या भाषांतरकाराने कोणते रूप लिहावे? वाक्य फिरवून लिहावे लागते, किंवा मूळ कार्यक्रमकाराकडे ओळ वेगळी करून मागावी लागते. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना ही अडचण ज्या सहजतेने दिसते, तशी ती एकभाषी माणसाला दिसत नाही.

ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते: मार्चमध्ये एक, सप्टेंबरमध्ये एक. मार्च २०२५ मध्ये ४८ वी आली, सप्टेंबर २०२५ मध्ये ४९ वी. या ४९ व्या आवृत्तीत जुन्या टोटेम या चित्रफीतदर्शकाच्या जागी ‘शोटाइम’ आणि एव्हिन्स या दस्तऐवजदर्शकाच्या जागी ‘पेपर्स’ आले. पेपर्स हे एव्हिन्सपासूनच फुटून निघालेले, म्हणून जुने भाषांतर त्याला बरेचसे लाभले. शोटाइम नव्याने लिहिलेले, म्हणून टोटेमसाठी खपून केलेले काम तेथे आपोआप येत नाही. जुन्या ओळीतील एक शब्द जरी बदलला तरी गेटटेक्स्ट त्या ओळीचे भाषांतर संशयित ठरवते, आणि कुणी तपासून मान्य करेपर्यंत पडद्यावर इंग्रजी दाखवते. प्रकल्पाची प्रगती ती हीच. जी भाषा जागच्या जागी उभी राहिली ती दर सहा महिन्यांनी थोडी मागे जाते.

ग्नोम एखाद्या भाषेला समर्थित म्हणते ते तिच्या किमान ८० टक्के ओळी भाषांतरित असतील तेव्हा. मराठी एके काळी या यादीत नियमाने असे. पुढे तो नियम राहिला नाही. आकड्यांची ही नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेला ग्नोमवाल्यांनी ‘डॅम्ड लाइज’, म्हणजे धडधडीत थापा, असे नाव दिले आहे, सांख्यिकीवरच्या जुन्या इंग्रजी विनोदावरून. आपल्याला दुसरी एक टक्केवारी अधिक परिचयाची. ज्या जिल्ह्यात वा तालुक्यात भाषिक अल्पसंख्य १५ टक्के असतील तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध व्हाव्यात, ही सवलत कागदावर आहे आणि तिच्यासाठी अर्ज लिहिताना पिढी खपली. तो आकडा डोकी मोजतो, ग्नोमचा आकडा केलेले काम मोजतो. त्यासाठी ना बेंगळुरूची परवानगी लागते ना मुंबईची.

किंबहुना या प्रणालीत राज्याची सीमाच नाही. मराठीची जी स्थाननोंद आहे तिच्यात भाषा मराठी आणि देश भारत एवढेच लिहिलेले असते. १ नोव्हेंबर १९५६ ची रेषा तेथे उमटलेली नाही. कडगंची आणि कोथरूड एकाच नोंदीत बसतात.

तरीही आपल्या वाट्याला एक खास गैरसोय येते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ल आणि श यांची मराठी वळणे प्रमाण मानली. चांगल्या फॉन्टांत ही वळणे असतात. परंतु मजकूर मराठी आहे हे प्रणालीला कळले तरच ती पुढे येतात. आपल्यापैकी पुष्कळांचा संगणक इंग्रजीत वा कन्नडमध्ये चालतो. अशा संगणकावर देवनागरी मजकूर आला आणि त्याची भाषा कुणी सांगितली नसली, तर पँगो देवनागरीची नमुना-भाषा म्हणून हिंदी धरते, आणि ल हिंदी वळणाचा उमटतो. येथे कुणाचा कट नाही. यंत्राला सांगणारे कुणी नव्हते, एवढेच.

सांगण्याची सोय मात्र आहे. भाषांची एक क्रमवार यादी प्रणालीला देता येते. केडीईत ती सेटिंगमधूनच लावता येते. ग्नोममध्ये ‘लँग्वेज’ या चलाची एक ओळ लिहून ठेवावी लागते. आधी कन्नड, मग मराठी अशी यादी दिली तर पडदा कन्नडमध्ये राहतो आणि देवनागरी मजकूर मात्र मराठी समजला जातो. आधी मराठी, मग कन्नड असे लिहिले तर ज्या ओळीचे मराठी झालेले नाही तेथे इंग्रजीऐवजी कन्नड ओळ येते. आमच्या घरात बोलणे असेच चालते: मराठी शब्द आठवला नाही की कन्नड. ही यादी मी स्वतः वापरतो, आणि पडद्यावर कन्नड ओळ दिसली की कोणते मराठी काम राहिले आहे ते लगेच कळते. अशा ओळी मी वहीत उतरवून घेतो. नव्या आवृत्तीपूर्वी काही आठवडे मूळ ओळी गोठवल्या जातात, भाषांतरकारांना उसंत मिळावी म्हणून. मार्चच्या आवृत्तीसाठी ही मुदत हिवाळ्याच्या अखेरीस येते, सप्टेंबरच्या आवृत्तीसाठी श्रावणाच्या सुमारास. शोटाइमच्या ओळी फार नाहीत. दोघेतिघे बसले तर एका रविवारी संपतील.