एका यंत्राच्या पोटातील चौदा यंत्रे

संगणक-केंद्राची शक्ती वाढवावयाची म्हणजे नवी यंत्रे आणावयाची, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या विद्येचा इतिहास मात्र एकच यंत्र अनेकांना पुरविण्याच्या खटपटीतून सुरू होतो. १९६४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिज येथे आयबीएमच्या रॉबर्ट क्रीझी यांच्या चमूने ती खटपट आरंभिली. १९६७ च्या जानेवारीत त्यांची ‘सीपी-४०’ प्रणाली वापरात आली आणि एका यंत्रावर चौदा आभासी यंत्रे एकाच वेळी नांदू लागली. प्रत्येकीच्या वाट्यास २५६ किलोबाइट स्मृती! चौदांना पुरेल एवढी स्मृती मूळ यंत्रात अर्थातच नव्हती. पण साऱ्यांना ती एकाच क्षणी लागतही नसे.

पुढे छोटे सर्व्हर स्वस्त झाले. एकेका कामास एकेक यंत्र नेमले जाऊ लागले, आणि त्यांतील पुष्कळशी बराच वेळ रिकामी बसत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने जुनी युक्ती या साध्या यंत्रांवर आणली. २००३ पासून तर चालते आभासी यंत्र न थांबविता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलविता येऊ लागले. समूहात नवा सर्व्हर जोडला की भार वाटून घेता येतो, तो यामुळेच. मात्र माहितीचा साठा सामायिक असेल, तर नव्या सर्व्हरने त्याच्यावरील ताण वाढण्याचाच संभव अधिक. शिवाय एखादा सर्व्हर बंद पडल्यास त्याचा भार उरलेल्यांनी उचलावयाचा, म्हणून तेवढी शक्ती मुद्दाम राखून ठेवावी लागते. हिशेबनिसास हीच उधळपट्टी वाटते, आणि काटकसरीची पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते.