कोलंबोचं पहिलं नाव

मागच्या खेपेस आपण पुराव्याविषयी बोललो. आज त्याचंच एक उदाहरण घेऊ, जरा हलकंफुलकं.

‘कोलंबो’ ही अमेरिकी मालिका १९७१ मध्ये सुरू झाली. मळका रेनकोट (तो पीटर फॉक यांचा स्वतःचाच), हातात सिगार, आणि दारापर्यंत गेलेला हा लेफ्टनंट परत वळून आणखी एक प्रश्न विचारणार! लेखक लेव्हिन्सन आणि लिंक यांचा हा प्रवेश लिहिताना लहान पडला होता, पण कोलंबो तर खोलीबाहेर गेलेला. सगळं पान पुन्हा टाइप करण्याचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी त्यालाच आत परत आणलं. लकब जन्मली ती आळसातून.

पण आमचा विषय त्याचं नाव. पहिलं नाव विचारलं की तो बगल द्यायचा. १९७४ साली फ्रेड वर्थ नावाच्या गृहस्थांनी फुटकळ माहितीचा एक कोश काढला आणि त्यात त्याचं नाव ‘फिलिप’ असल्याचं छापलं. हे नाव वर्थ यांनी स्वतःच रचलं होतं. कुणी कोशावर डल्ला मारला तर पकडता यावा, म्हणून लावलेला सापळा! पुढे ‘ट्रिव्हियल पर्स्यूट’ या खेळाच्या एका प्रश्नाचं उत्तर निघालं ‘फिलिप’. १९८४ साली वर्थ यांनी तीस कोटी डॉलरचा दावा ठोकला. खेळ काढणाऱ्यांनी सरळ कबूल केलं, की हो, हा कोश आम्ही वापरला, इतर पुस्तकांबरोबर. तरीही वर्थ हरले. तथ्यावर कुणाची मालकी नसते, मालकी असते ती मांडणीवर, आणि खेळाची मांडणी वेगळी होती. १९८७ मध्ये अपिलातही तेच ठरलं.

आता गंमत पाहा. ‘फिलिप’ हे तथ्य नव्हतंच. पण वर्थ यांनी ते तथ्य म्हणूनच विकलं होतं. आमच्या मते त्यांची खरी अडचण तिथे होती. ‘हे माझं आहे’ म्हणायचं तर आधी ‘हे खोटं आहे’ म्हणावं लागणार, आणि मग कोशातल्या बाकीच्या नोंदींवर वाचकानं का विश्वास ठेवावा?

आणि नाव तर पडद्यावर आधीच येऊन गेलं होतं! १९७१ च्याच ‘डेड वेट’ या भागात कोलंबो आपलं ओळखपत्र दाखवतो. त्यावर ‘फ्रँक’ लिहिलेलं आहे. क्षणभरच दिसतं, आणि तेव्हा घरी बसून चित्र थांबवण्याची सोय कुठली? डीव्हीडी आल्यावर लोकांनी ते थांबवून वाचलं. लेखकांनी मात्र संवादात हे नाव कधी घातलं नाही. तेव्हा ‘फ्रँक’ हे तरी खरं मानायचं का? आम्ही मानतो, कारण ते मालिकेतच आहे. आमचे एक जुने विद्यार्थी मानत नाहीत. आज ते पहिल्या रांगेत बसलेत, त्यांना विचारा.