दीपाली गुंडू सुरवसे वि. क्रांती ज्युनियर अध्यापक महाविद्यालय

दीपाली गुंडू सुरवसे वि. क्रांती ज्युनियर अध्यापक महाविद्यालय (डी.एड.) हा बेकायदा बडतर्फी व मागील वेतन यासंबंधी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑगस्ट २०१३ रोजी दिलेला निर्णय आहे. छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) येथील एका खासगी प्राथमिक शाळेत या खटल्याचा उगम झाला. न्या. जी. एस. सिंघवी व न्या. व्ही. गोपाल गौडा यांच्या खंडपीठाने हा निर्णय दिला.

पार्श्वभूमी

२००५ मध्ये महानगरपालिकेने शाळेची मालमत्ता व्यावसायिक ठरवून ७९,९७४ रुपयांचे करदेयक पाठवले. त्यासाठी कर्मचाऱ्यांनी दरमहा १,५०० रुपये द्यावेत, असे मुख्याध्यापिकेने लेखी कळवले. अपीलकर्त्या शिक्षिकेने नकार दिला. त्यानंतर तिला २५ ज्ञापने देण्यात आली आणि १४ नोव्हेंबर २००६ रोजी निलंबित करण्यात आले. जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी निलंबनास मान्यता दिली नाही, तरी ते मागे घेतले गेले नाही; निर्वाह भत्त्यासाठीही तिला उच्च न्यायालयात जावे लागले. एकतर्फी चौकशीनंतर १५ जून २००७ रोजी तिची सेवा समाप्त झाली.

शिक्षक औद्योगिक विवाद अधिनियमातील 'कामगार' या व्याख्येत बसत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील सुंदरंबाळ खटल्यात (१९८८) ठरवले होते. त्यामुळे कामगार न्यायालयाऐवजी खासगी शाळा कर्मचाऱ्यांविषयीच्या १९७७ च्या राज्य अधिनियमाच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करण्यात आले. न्यायाधिकरणाने २० जून २००९ रोजी बडतर्फी रद्द करून पूर्ण मागील वेतन मंजूर केले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बडतर्फी बेकायदा असल्याचे मान्य केले. मात्र मधल्या काळात आपण अन्यत्र नोकरीत नव्हतो याचा पुरावा शिक्षिकेने दिला नाही, या कारणाने वेतनाचा आदेश रद्द केला.

निर्णय

वादाचा खरा मुद्दा पुराव्याच्या भाराचा होता. नोकरी नसल्याचे सिद्ध करणे कोणालाही अवघडच. बडतर्फी अवैध ठरल्यास सेवासातत्य व मागील वेतनासह पुनःस्थापना हाच सर्वसाधारण नियम होय, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. कर्मचाऱ्याने आपण बेरोजगार असल्याचे, किंवा कमी वेतनावर काम करत असल्याचे, कथन करणे पुरेसे आहे. त्याविरुद्ध पुरावा देण्याची जबाबदारी नियोक्त्याची आहे. जे. के. सिंथेटिक्स खटल्यातील (२००७) विरुद्ध मत न्यायालयाने अमान्य केले. सेवेचा कालावधी, गैरवर्तनाचे स्वरूप व नियोक्त्याची आर्थिक स्थिती विचारात घेण्याची मुभा मात्र कायम राहिली.

न्यायाधिकरणाचा आदेश पूर्ववत करून चार महिन्यांत पूर्ण वेतन देण्याचे, अन्यथा निलंबनाच्या दिनांकापासून द.सा.द.शे. ९ दराने व्याज देण्याचे निर्देश देण्यात आले. मागील वेतनाच्या दाव्यांत कामगार व औद्योगिक न्यायालयांतही हा निर्णय आधार म्हणून सांगितला जातो.