परप्रांतीचे पान

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, असे आपण मुलांस पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. परंतु देशाटनास निघालेला मनुष्य कोणाच्या हातचे व कोणाच्या पंक्तीस जेवतो, हा प्रश्न आपण क्वचितच विचारला. आज उडुपीचा डोसा, लखनौचे कबाब किंवा मालवणचे माशाचे कालवण यांसाठी मुद्दाम प्रवास करणारी कुटुंबे पुष्कळ दिसतात, आणि ही हौस फार जुनी असावी असा सहज समज होतो. आमच्या मते तो समज बरोबर नाही. पदार्थ जुने आहेत. परक्याच्या शेजारी बसून ते चाखण्याची मोकळीक मात्र नवी आहे, आणि ती आपोआप मिळालेली नाही.

पदार्थांच्या प्राचीनत्वाविषयी शंका नको. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात अन्नभोगाचे सविस्तर वर्णन असून, इडलीची पूर्वज म्हणता येईल अशी केवळ उडदाची ‘इड्डरिका’ तीत आढळते. पण हा राजाच्या ताटाचा वृत्तांत झाला. वाटसरूच्या पानाचा वृत्तांत हवा असेल तर चौदाव्या शतकातील मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याच्याकडे वळले पाहिजे. होनावरच्या मुसलमान सुलतानाकडे त्यास तांब्याच्या ताटात भात व तूप, आणि सोबत मिरे, आले, लिंबू व आंबा यांची लोणची वाढण्यात आली. पुढे कोंबडी, मासे, भाज्या येत आणि शेवट दह्याने होई. मात्र वर्षानुवर्षे भातच खावा लागल्याने तो पुढेपुढे पाण्याच्या घोटाबरोबरच घशाखाली उतरे, अशी कबुलीही त्याने दिली आहे.

त्याच प्रवाशाने मलबारच्या वाटेवरील पाणपोयांचे वर्णन केले आहे. दर अर्ध्या मैलावर सावलीसाठी मांडव, बसावयास बाके, शेजारी विहीर आणि पाणी देण्यास माणूस. हिंदूस भांड्यातून पाणी मिळे. मुसलमानाच्या ओंजळीत ते वरून ओतले जाई. जेथे मुसलमान वस्ती नसे, तेथे त्यास केळीच्या पानावर अन्न वाढीत, पण घरात घेत नसत. आतिथ्य होते, आणि त्याला कुंपणही होते.

आपल्याकडेही निराळे नव्हते. सोवळे पाळणारा प्रवासी शिधा आणि भांडी बरोबर घेऊन निघे व धर्मशाळेच्या ओट्यावर तीन दगडांची चूल मांडी. तो काशीस जाऊन आला तरी घरचाच वरणभात खाऊन परते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते द्रव्यार्जनासाठी. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतास आपण इतिहासासाठी मान देतो. जिभेच्या हौसेने घर सोडावे, ही कल्पनाच त्या काळी विपरीत वाटली असती.

१८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी धावली. तिने माणसे एका डब्यात बसविली, पण एका पंक्तीस बसविली नाहीत. स्टेशनांवर ‘हिंदु पाणी’ व ‘मुसलमान पाणी’ अशा निराळ्या आरोळ्या पुढे कित्येक दशके उठत राहिल्या. आणि ज्यांच्यासाठी यांपैकी कोणतीच आरोळी नव्हती, त्यांची कथा तर याहून कठीण. १९०१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लहानपणी साताऱ्याहून भाऊ व भाचरे यांच्यासह वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनावर उतरल्यावर जात कळताच गाडीवाले मिळेनात. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक बैलगाडी मिळाली. बरोबर जेवण भरपूर होते, परंतु पाणी कोणी देईना; म्हणून मुले भरल्या डब्याशेजारी उपाशी निजली. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीने घेतले, त्यामागे किती तहानलेल्या वाटा होत्या, हे यावरून कळावे.

याच काळात शहरांतून खानावळी व उपाहारगृहे वाढली. बंगळूरचे मावळ्ळी टिफिन रूम १९२४ चे, तर माटुंग्यास ए. रामा नायक यांचे उडुपी भोजनगृह १९४२ चे. अशा ठिकाणी परप्रांतीय कारकुनास सांबार परिचयाचे झाले. तथापि उपाहारगृह निघाले म्हणजे भेद गेला असे नव्हे. दक्षिणेत ब्राह्मणांसाठी जागा वेगळी राखणारी उपाहारगृहेही होती. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत धर्म, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून मज्जाव करण्यास बंदी केली. सतराव्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट ठरविली. खवय्याच्या दृष्टीनेही ही दोन कलमे कोणत्याही पाकग्रंथाइतकी महत्त्वाची आहेत.

कायद्याने दार उघडले. आत जाऊन बसणे माणसांकडे राहिले. चहाचा वेगळा पेला ठेवण्याची रीत काही गावांतून अद्यापि गेलेली नाही. म्हणून परप्रांती उत्तम पदार्थाची चव घेताना आपल्या मुलांस तो कसा करतात हे सांगावेच. पण आपल्या पलीकडच्या पाटावर पूर्वी कोणास बसू दिले नसते, हेही सांगावे. तेवढे कळले तर देशाटनाने शहाणपण येते हे म्हणणे खरे ठरेल.