वय, वजन आणि घोड्याची पाठ

साठीला आलेला, अंगाने भरलेला माणूस घोडेस्वारीच्या स्पर्धेत उतरला, की प्रेक्षकांत कुजबुज होते. ‘या वयात? आणि या वजनात?’ आज आपण हे दोन प्रश्न इतिहासाला विचारू.

आधी वय. या खेळाची ऑलिंपिकमधली घडण घोडदळाची. 1948पर्यंत लष्करातून यायचं तर अधिकारीच हवा, साध्या शिपायाला प्रवेश नाही. स्त्रियांनाही नाही. 1952मध्ये हेलसिंकीला ड्रेसाजचं दार उघडलं. ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली अचूक करून घेणं. तिथे पोलिओने गुडघ्याखाली पाय लुळे पडलेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेलनी रौप्यपदक मिळवलं. त्यांना घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची. मग वयाचं काय घेऊन बसायचं? ऑस्ट्रियाचे आर्थर फॉन पोंग्राट्झ 1936मध्ये बर्लिनला उतरले, तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. ब्रिटनच्या लॉर्ना जॉनस्टन 1972मध्ये म्युनिकला सत्तरीच्या होत्या. जपानचे हिरोशी होकेत्सु 1964मध्ये टोकियोत खेळले, नोकरी केली, निवृत्त झाले आणि 2012मध्ये एकाहत्तराव्या वर्षी लंडनला पुन्हा मैदानात! टोकियो ते लंडन, अठ्ठेचाळीस वर्षं.

आता वजन. इथे गंमत बघा. इव्हेंटिंग या तीन दिवसांच्या स्पर्धेत अनेक वर्षं किमान वजनाचा नियम होता. स्वार आणि खोगीर मिळून 75 किलो भरलंच पाहिजे. हलक्या स्वाराला शिशाचे तुकडे बरोबर न्यावे लागत. म्हणजे तिथे अडचण हलक्याची होती, जाड्याची नव्हे! 1990च्या दशकाच्या अखेरीला हा नियम गेला. मेलेलं शिसं घोड्याला जड जातं, हे लोकांना पटलं होतं.

पण म्हणून वजनाचा प्रश्न सुटला का? नाही. 2008मध्ये अमेरिकेत आठ घोड्यांवर एक अभ्यास झाला. घोड्याच्या वजनाच्या 15, 20, 25 आणि 30 टक्के भार देऊन पाहिला. 20 टक्क्यांपर्यंत फारसा फरक नव्हता. 25 आणि 30ला नाडी वाढली आणि स्नायू दुखावले. म्हणजे 500 किलोच्या घोड्यावर खोगिरासकट 100 किलो. आठच घोडे, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. घोड्याची हाडं, पाठ, तयारी आणि स्वाराची मांड यांवरही बरंच अवलंबून असतं.

तर आपल्याला काय दिसतं? वयाची मर्यादा आपणच आपल्यावर घालून घेतो. वजनाची मर्यादा मात्र घोडा घालतो. होकेत्सुंचं रिओला जायचं राहिलं, ते वयामुळे नव्हे. त्यांचा घोडा आजारी पडला म्हणून. म्हणून जाड माणसाने मैदान सोडू नये, जरा थोराड घोडा निवडावा. लोक काय म्हणतील ते नंतर. आधी घोड्याची पाठ काय म्हणते, ते ऐकावं.